अमावस्येला माग बंद

माझ्या भावाला एक खोड आहे. लांबच्या प्रवासाला निघायचं ठरलं की तो आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावस्या शोधतो. टाळायला नाही हो, गाठायला. "अमावस्येला लोक घराबाहेर पडत नाहीत. रस्ता मोकळा, टोलनाक्यावर रांग नाही, लॉजवाला स्वतःहून भाव उतरवतो," असं तो भेटेल त्याला सांगतो. या शोधाचा त्याला इतका अभिमान आहे की चंद्र जणू त्याच्याच सोयीसाठी गायब होतो. मी कित्येकदा म्हटलं, अरे, एखाद्या दिवशी हे अंगाशी येईल. तो म्हणाला, तू अंधश्रद्धाळू आहेस. मी! मला संकष्टी कधी असते तेसुद्धा आठवत नाही.

आता आम्ही निघालो होतो कुठं आणि कशाला, ते सांगते. म्हणजे मी का चिडले होते ते कळेल.

आईला लुगडं हवं होतं. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. सासरी कपाटं भरलेली असोत, माहेरचा माणूस लुगडं घेऊन आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आईचं माहेर खडकवासल्याच्या पलीकडे. तिचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, होता तोवर दर भाऊबीजेला तिला लुगडं यायचं. मामा गेला आणि तिथल्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मग तिचे भाचे गाडी घेऊन वारज्याला आमच्याकडे वरचेवर यायला लागले. आत्या कशी आहेस, आत्या गुडघा काय म्हणतो, आत्या हे पेढे घे. आत्याने हक्कसोडीवर सही केली. काही मागितलं नाही. "माहेर राहू दे, बास," म्हणाली. सही झाली आणि आत्याचा गुडघा कसा आहे हे विचारायचं सगळे विसरले. पुढच्या भाऊबीजेला लुगडंही नाही आणि फोनही नाही. आता त्या जमिनीवर कुणाकुणाची फार्महाउसं आहेत. रविवारी तिथं स्पीकर लावून लोक नाचतात.

यावर आई कधी बोलली नाही. मात्र गेल्या वर्षी भाजी निवडता निवडता म्हणाली, "माझं ते शेवटचं लुगडं मीच आणून ठिवते."

"आई, काहीतरी काय बोलतेस!"

"काहीतरी काय त्यात? भाचे आणनार न्हाईत. आन् आणलं तरी मला त्येंच्या हातचं नको. माज्या आईच्या अंगावर घातलं व्हतं तसलं पायजे. हिरवं रेशमी इरकली, लाल टोपपदराचं."

मी म्हटलं, ठीक आहे, शनिवारी लक्ष्मी रस्त्याला जाऊ. तर नाही. दुकानातलं नको. दुकानातलं म्हणजे बाजारचं झालं. जिथं ते विणतात तिथं जायचं आणि विणणाऱ्या बाईच्या हातून घ्यायचं. "म्हंजे निदान कुनाच्या तरी घरातनं आलं आसं व्हतंय," असा तिचा हिशोब.  मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मला राग तिचा नव्हता. राग त्या भाच्यांचा होता, पण ते समोर नव्हते आणि आई होती.

शेवटी एका साडीच्या दुकानदाराच्या ओळखीने सीमेपलीकडच्या डोंगरातल्या एका गावचा नंबर मिळाला. सगळं गाव विणकरांचं. फोनवर एक बाई आल्या. कानडी हेल होता, पण मराठी चांगलं बोलायच्या. त्यांचा माल पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडेच येतो ना. नऊवारी म्हटल्यावर हसल्या. "आता कोण नेसतंय ओ?" मी पटकन म्हटलं, घरात लग्न आहे, नवऱ्या मुलाच्या आजीला हवंय. खरं कारण सांगायला जीभच वळली नाही. ऐन आषाढात मी लग्न काढलं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. दोन महिन्यांनी या म्हणाल्या. निघायच्या दोन-चार दिवस आधी कळवा, हेही म्हणाल्या. ते काम भावाने अंगावर घेतलं आणि अर्थातच केलं नाही.

मी मार्केट यार्डात एका आडत्याकडे हिशेबाचं काम करते. तिथं सुट्टी मागणं म्हणजे शेठचं तोंड पाहणं. कशीबशी एक सुट्टी मिळाली. तारीख भावाने ठरवली, आणि कशी ठरवली ते वर सांगितलंच आहे.

आईने एका दिवसाच्या प्रवासाला भलीमोठी पिशवी भरली. "यात आहे काय?" विचारलं तर म्हणाली, "आसू दे, लागतंय." रस्ता खरंच मोकळा होता. इतका मोकळा की ठेकेदाराने तोच दिवस रस्ता खणायला निवडला होता. एका वळणावरून दुसऱ्या वळणावर, तिथून सर्व्हिस रोडला, परत वर. भाऊ एका हाताने गाडी चालवत प्लॉटची गिऱ्हाइकं सांभाळत होता. "सर, साइटवर पाण्याचा प्रश्नच नाही." आमच्या स्वतःच्या सोसायटीत टँकर येतो, पण साइटवर प्रश्न नाही. मी म्हटलं, फोन ठेव नाहीतर गाडी थांबव. त्याने गाडी थांबवली आणि फोन चालूच ठेवला. मागच्या सीटवर आई शेंगदाण्याचा लाडू खात खिडकीबाहेर बघत होती. तिच्या चेहऱ्यावर देवदर्शनाला निघालेल्या बाईचं समाधान, आणि माझं डोकं ठणकत होतं.

गावात पोचायला दुपार टळली. तांबड्या दगडाचे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी बसकी घरं, अरुंद गल्ल्या. गाडी आत जाईना म्हणून चालत निघालो. गल्लीत आई मध्येच थांबली. "माग वाजत न्हाईत," ती म्हणाली. खरंच. विणकरांचं गाव म्हणजे खटखट ऐकू यायला हवी, आणि इथं एक कोंबडी तेवढी बोलत होती. दारोदार मोठाल्या रांगोळ्या. उघड्या दारांतून माग दिसत होते. त्यांना कुंकू लावलेलं, झेंडूची फुलं वाहिलेली.  मी भावाकडे बघितलं. तो डोंगराकडे बघत होता.

बाई ओले केस मोकळे सोडून दारात उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या असतील. त्या आम्हाला बघून गोंधळल्या. "आज कसं आलात? आज अमावस्या. आज मागाला हात लावत नाही."

"लावत नाही म्हणजे?"

"कुणीच लावत नाही. गावात अमावस्येला माग बंद. आधी फोन करायचा की ओ."

मी भावाला म्हटलं, "घे. रस्ता मोकळा." त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं.

लुगडं मागावरच होतं. हिरवंगार अंग विणून खालच्या लाकडावर गुंडाळलेलं, आणि लाल पदराला नुकती सुरुवात झालेली, जेमतेम वीतभर. बाईंनी लांबूनच बोट करून समजावलं. हिरव्या अंगाचे उभे धागे वेगळे, लाल पदराचे वेगळे. दोन्ही एकमेकांत फासे अडकवून जोडतात. जोडलं की तो पदर त्याच लुगड्याचा. दुसऱ्याला लावता येत नाही, आणि पदर पुरा झाल्याशिवाय लुगडं मागावरून उतरत नाही.

"उद्या दुपारपर्यंत होतंय," बाई म्हणाल्या.

"उद्या नाही जमणार," भाऊ म्हणाला. "सकाळी माझी पार्टी येतेय साइटवर. हिला ऑफिस आहे. आज तासभर बसलात तर काय बिघडतंय? देव रागावतो का?"

"देवाचं मला काय माहीत? महिनाभर माझे पाय त्या खड्ड्यात असतात. एक दिवस बाहेर काढते."

तो खड्डा मी तेव्हा पाहिला. जमिनीत खणलेला, आत पायाने दाबायच्या पट्ट्या. बसून विणायचं ते त्यात पाय सोडून.  पण भावाकडे उत्तर असतंच. "मग असं करा, आहे तेवढं कापून द्या. पदर आम्ही पुण्यात जोडून घेतो. आमच्या चौकात पिको-फॉलवाला आहे, एक नंबर काम करतो."

बाईंनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. अहो, दोन महिने खपून विणलेलं रेशीम, आणि हा पिको-फॉलवाला काढतो! मी म्हटलं, तू गप्प बस. तो म्हणाला, तू मार्ग काढ मग. दुसऱ्याच्या ओसरीवर आम्ही दोघं पन्नाशीतली भावंडं लहानपणीसारखी भांडायला लागलो. तारीख तू ठरवलीस. तू कॅलेंडर बघितलं नाहीस? तू फोन करणार होतास. तुझी सुट्टीच एक दिवसाची. आई ओसरीच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

बाईंनीच तोड काढली. "भांडू नका ओ. लग्न कधी आहे? मी कुरियर करते. परवा तुमच्या घरी."

इतकं सोपं! भावाचा चेहरा उजळला. माझाही उजळला, खोटं कशाला बोलू. पत्ता लिहून द्यायला मी पेन काढलंसुद्धा.

"लुगडं कुरियरनं येतं व्हय?" आई म्हणाली.

"आई, कसंही आलं तरी तेच लुगडं."

"न्हाई." मग ती बाईंकडे वळली. "लग्नबिग्न काय न्हाई बाई. ही खोटं बोलली. त्ये मला मेल्यावर घालायला हाय."

माझे कान तापले.  मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार असल्या कामाला मी विणत नाही, उठा. पण त्या आईच्या शेजारी खाली बसल्या. आईने त्यांना सगळं सांगितलं. भाऊ, भाचे, पेढे, सही, तिच्या आईच्या अंगावरचं हिरवं लुगडं. मला तिने कधी इतकं सांगितलं नव्हतं. मामा गेल्यावर पहिल्या भाऊबीजेला ती दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसली होती, हे मला त्या परक्या ओसरीवर कळलं. आम्ही एकाच घरात राहतो हो. मला वाटलं होतं, ती ऊन खात बसली आहे.

सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "पण अक्का, ते लुगडं माहेरानं द्यायचं असतं. तू विकत नेलंस तर ते माहेरचं कसं होईल?"

मला इतका राग आला! आई खाली बघायला लागली. नेमकं तेच तिच्या मनात होतं, वर्षभर तेच होतं, आणि आम्ही ते कुणी बोललो नव्हतो. मी म्हटलं, "अहो, ती एवढ्या लांबून आलीय. तुम्हाला द्यायचं असेल तर द्या, नसेल तर सांगा, पण तिला असलं काही बोलू नका."

बाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. "देणार मीच," त्या आईला म्हणाल्या. "तुझ्याकडून पैसे घेत नाही. ते तुझ्या मुलाकडून घेईन, ते सासरचं. पूर्ण घेईन, सोडणार नाही. रेशीम फुकट येत नाही. पण लुगडं तुझ्या हातात मी देणार. आणि उद्या देणार. माहेराला आलेली बाई कधी त्याच दिवशी परत जाते का?"

आई उठली, पिशवी उचलली आणि आत गेली. सरळ स्वयंपाकघरात. पिशवी कशासाठी भरली होती ते तेव्हा उलगडलं. तिच्यात दोन लुगडी, पांघरूण, गुडघ्याचं तेल, आणि डब्यात चक्क तिळाची चटणी, कुणाला तरी द्यायला नेतात तशी बांधलेली. ही बया राहायच्याच तयारीने आली होती!

आम्ही खूप समजावलं. ओळख ना पाळख, रात्री गुडघा धरला तर? गोळ्या वेळेवर कोण देणार? निदान आमच्याबरोबर तालुक्याला लॉजवर चल. ती चुलीजवळच्या पाटावरून हलली नाही. "म्हायेर आसताना लॉजवर कुठली बाई ऱ्हाती?" म्हणाली, आणि बाईंना लसूण सोलू लागली.

लॉजवर भाऊ आणि मी जेवायला बसलो. अमावस्या असून लॉजवाल्याने एक पैसा कमी केला नाही, हे मात्र मी त्याला ऐकवलं. त्याने पार्टीला फोन करून उद्याचं रद्द केलं. मी शेठला फोन केला आणि आई आजारी आहे म्हणून सांगितलं. फोन ठेवला आणि वाटलं, आता हेही खोटंच. सगळ्यांचाच राग येत होता. भावाचा, भाच्यांचा, त्या कानडी बाईचा. तिने एका दुपारीत माझ्या आईला माहेर देऊन टाकलं होतं. आणि आम्ही पोटची पोरं काय करत होतो? "काहीतरी काय बोलतेस" म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा गल्लीत कान किटेल इतकी खटखट होती. घराघरातून माग सुरू. बाईंच्या ओसरीत शिरलो तर त्यांचा माग रिकामा, आणि त्या कपाळावरचा घाम पुसत चहा ओतत होत्या. भावाने निमूटपणे पैसे पुढे केले. बाईंनी नोटा त्याच्यासमोर मोजून घेतल्या आणि कनवटीला लावल्या. लुगडं कुठं दिसेना. मी कागदात बांधलेलं काही आहे का म्हणून बघत होते.

तेवढ्यात आई आतून आली. लुगडं नेसून.

हिरवंगार रेशीम, डोक्यावरून घेतलेला लाल पदर, त्यावर पांढरे पट्टे. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. तिची ओटी भरली होती, ओच्यात खोबऱ्याची वाटी न् तांदूळ. बाबा जाऊन वर्षं झाली, आणि विधवेची ओटी आमच्याकडे भरत नाहीत. तिकडे भरत असतील, नसतीलही. मी विचारलं नाही.

"आई! अगं, हे त्या वेळेसाठी होतं ना?"

"तवा मला दिसनार हाय व्हय?" ती म्हणाली. "आन् म्हायेराहून निघताना नवं नेसूनच निघत्यात."

भाऊ वैतागून म्हणाला, "मग आता त्या वेळेला काय? एवढा सगळा खटाटोप केला तो कशाला?"

"दुसरं सांगितलंय हिला. म्हनलं, सावकाश ईण. घाई न्हाई."

बाई हसल्या. "मी म्हटलं, सहा महिने तरी लागतील. अक्का म्हणते, दोन वर्षं लागू दे."

मला ओरडायचं होतं. दोन सुट्ट्या, एवढा रस्ता, एवढी भांडणं, ती खोटी कारणं, आणि वर दुसरं लुगडं! तोंड उघडलं आणि रडूच आलं. भावाने माझ्या पाठीवर थाप मारली, तीही जरा जोरातच. बाईंनी निघताना आईला दारात थांबवलं, तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. वयाने आई त्यांच्या आईएवढी. पण माहेरच्यांना वय कोण विचारतं?

परतताना रस्त्याला वाहनांची रीघ लागली होती. टोलनाक्यावर ही रांग. भाऊ फूटफूट गाडी पुढे सरकवत राहिला. आई पुढच्या सीटवर पदर सावरत बसली होती, आणि खडकवासल्याचा फाटा आला तेव्हा तिने त्या बाजूला मान वळवली नाही.

वारज्याला गाडी पार्किंगमध्ये लावली तर खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच उभ्या. त्यांनी आईला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगं बाई, केवढं सुंदर इरकली! कुठं गेला होतात हो?"

मी काहीतरी सांगणार होते. देवाला, लग्नाला, सवयीनं जे तोंडात येईल ते.

"म्हायेराला," आई म्हणाली.